प्रागच्या घटिकायंत्रावरील मासचक्राची प्रत

प्राग नगरीच्या जुन्या नगरभवनावरील ज्योतिष-घटिकायंत्र इ. स. १४१० चें. त्याच्या खालच्या तबकडीसाठीं योसेफ मानेस ह्या चित्रकारानें १८६६ पर्यंत बारा राशी व बारा महिन्यांतील शेतकामें रंगविलीं. मूळ चित्र पुढें संग्रहालयांत गेलें व यंत्रावर प्रत आली. २०१८ च्या जीर्णोद्धारांत नवी प्रत बसविली. तींत माणसांचीं वयें, चेहरे व वेष बदलले, असा आक्षेप २०२२ सालीं निघाला.

आमच्या मतें हा आक्षेप रास्त आहे. लेखनिकाच्या हातून अक्षर गळालें, तर आपण क्षमा करितों. परंतु मूळ सुधारण्याच्या हौसेनें जो पाठ बदलतो, तो आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडीं घालतो. मानेसनें यंत्रासाठीं नवें चित्र काढलें, तें स्वतःच्या नांवानें. नव्या चित्रकारासही ती मुभा आहे; मात्र प्रत म्हणवून नव्हे.

तेथें मूळ सुरक्षित आहे, एवढें समाधान. आपल्या कित्येक पोथ्यांचें मूळ केव्हांच नष्ट झालें. तेथें प्रत हीच साक्ष. म्हणून संग्राहकांस विनंती कीं, प्रत करवितांना ती मुळाशीं ताडावी व सुचलेली सुधारणा समासांतच लिहावी.