मराठी साहित्यातील समलिंगी पात्रे आणि ‘आम्ही’चा प्रश्न

मराठीत ‘समाज’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ बहुधा जात असा होतो. ‘आपण कोणत्या समाजाचे?’ असे विचारणाऱ्यास जातीचेच उत्तर अपेक्षित असते. जन्माने ज्यात प्रवेश मिळत नाही अशा समूहाला ‘समाज’ म्हणताना त्यामुळेच ही भाषा अडखळते. समलिंगी व्यक्तींची समूहभावना मराठी साहित्यात कशी प्रकट झाली, याचा शोध घेताना ही अडचण प्रथम लक्षात घ्यावी लागते.

दलित साहित्यातील ‘आम्ही’ वस्तीतून आला. बाहेर अपमान सोसून परतलेल्या मुलाला घरी तोच अपमान सोसलेली आई भेटत होती. समलिंगी मुलाला मात्र लपावे लागते ते प्रथम घरातच. प्रथमपुरुषी अनेकवचन त्याला वारशाने मिळत नाही. (जो दलितही आहे आणि समलिंगीही, त्याचा ‘आम्ही’ कोणता, या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.)

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगभूमीवर आले. सुमित्रा ऊर्फ मित्राची ही कहाणी सांगतो तो बापू. तो सहृदय आहे, तिला समजून घेण्याचा प्रयत्नही करतो. परंतु ‘तुझ्यासारख्या आणखीही आहेत’ असे तिला सांगू शकेल असे नाटकात कोणीही नाही. तिच्या आत्महत्येचे मूळ केवळ प्रेमभंगात किंवा तिच्या हट्टी स्वभावात शोधणे म्हणूनच अपुरे वाटते.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी 2006 सालची. तोपर्यंत परिस्थिती पालटली होती. मुंबईत 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे मुख्यतः इंग्रजी नियतकालिक आणि 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू झाली होती. पुण्यात 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केली होती. तरीही तनयचे सारे निवेदन एका ‘तू’ला उद्देशून आहे, आणि तो ‘तू’ निघून गेलेला आहे. यास कोणी कादंबरीची मर्यादा म्हणेल. प्रस्तुत लेखिकेला तसे वाटत नाही. संस्था असणे आणि आपलेपणा वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय या कादंबरीतील खरी वेदना अन्यत्र आहे. तनय आणि त्याची बहीण अनुजा यांचे प्रेम एकाच पुरुषावर जडते. दोघांचाही विरह एकच, घरही एकच. मात्र त्यांची निवेदने स्वतंत्र विभागांत राहतात. जिथे ‘आपण’ सहज शक्य होते, तिथेच ते उच्चारले जात नाही.

2008 मध्ये मुंबईत निघालेल्या अभिमान पदयात्रेत काहीजण मुखवटे लावून चालले. समूहात असणे आणि ओळखले न जाणे या दोन्हींची गरज एकाच व्यक्तीला एकाच वेळी असू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने प्रौढांचे संमतीने आलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. घरातील भीती दूर करणे मात्र निकालाच्या आवाक्यातले नव्हते.

त्या दृष्टीने चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’चा अधिक विचार व्हायला हवा. येथे बोलते ती मुलाची रोजनिशी वाचलेली आई. मराठीत ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हणताना आत येतो. ही आई ‘आम्ही’कडून ‘आपण’कडे कशी सरकते, हे वाक्यावाक्यांतून तपासण्याजोगे आहे.