‘फेल’ : अपयशाची आंतरजालीय परिभाषा आणि तिच्यातील हास्य

आंतरजालावरील भाषेचा विचार आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनी होतो. ती शुद्धलेखन बिघडविते ही एक तक्रार, आणि ती नव्या पिढीची सर्जनशीलता आहे हे दुसरे कौतुक. या दोन्ही भूमिकांत त्या भाषेतील एखादा शब्द हाती घेऊन तो कोण, कोणास आणि कोणत्या नात्याने उद्देशून उच्चारतो, हे पाहण्याचे राहून जाते. प्रस्तुत लेखात ‘फेल’ या एका शब्दाच्या आधारे इंग्रजीतून चालणाऱ्या चॅट-समूहांतील अपयशविषयक विनोदाचे स्वरूप तपासावयाचे आहे.

इंग्रजीत ‘फेल’ हे प्रामुख्याने क्रियापद. त्याला कर्ता लागतो, काळ लागतो. २००० नंतरच्या दशकात चॅट करणाऱ्यांनी त्याचा उद्गार केला, नाम केले, आणि ‘एपिक’ हे विशेषण जोडून क्षुल्लक फजितीला महाकाव्याची उंची दिली. कर्ता गळाला, काळ गळाला. उरला तो केवळ निवाडा. बेन झिमर यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील ‘ऑन लँग्वेज’ या सदरात या स्थित्यंतराची दखल घेतली होती. मराठी वाचकास मात्र त्यात फारसे नवल वाटू नये. आपण हा शब्द उसना घेतानाच त्याचे क्रियापदत्व काढून घेतले. ‘तो फेल झाला’, ‘ब्रेक फेल झाले’ या प्रयोगांत ‘फेल’ ही क्रिया नसून अवस्था आहे. ‘मॅट्रिक फेल’मध्ये तर ती जन्मभराची उपाधी आहे. फरक आहे तो उगमाचा. आपला ‘फेल’ निकालपत्रावरून आला, त्यांचा खेळातून. आणि खेळात हरलेल्याला पुढचा डाव असतो.

या उगमाविषयी एक तर्क वारंवार मांडला जातो. १९९८ मध्ये आलेल्या ‘ब्लेझिंग स्टार’ या जपानी व्हिडिओ गेममध्ये हरणाऱ्या खेळाडूस पडद्यावर ‘यू फेल इट’ असा संदेश दिसे. तुझे कौशल्य अपुरे आहे, पुन्हा भेटू, असे पुढे सांगितले जाई. तर्क निर्विवाद सिद्ध झालेला नाही, परंतु त्यातील सूचकता दुर्लक्षिण्याजोगी नाही. खेळाडूस नापास ठरविणारे ते वाक्यच इंग्रजी व्याकरणात नापास आहे. परीक्षक आणि परीक्षार्थी दोघेही एकाच क्षणी चुकतात, आणि हसू फुटते ते या समानतेतून. विजयाची घोषणा करणारा ‘पोन्ड’ हा शब्दही असाच. ‘ओन्ड’ लिहिताना ‘ओ’ऐवजी शेजारची ‘पी’ची कळ दाबली गेल्याने तो जन्मला असे मानले जाते. प्रतिस्पर्ध्यास चीत केल्याची बढाई मारतानाच बोट घसरले, आणि त्या समूहाने ती घसरण पुसून न टाकता कोशात जमा केली. स्वतःच्या चुकांपासून स्वतःचा शब्दसंग्रह घडविणारे असे भाषिक समूह थोडेच असतील.

१९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही चॅटव्यवस्था निर्माण केली. तेथे चेहरा नाही, आवाज नाही; हसूसुद्धा टंकून दाखवावे लागते. (स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या सांगणाऱ्या भरतमुनींना ‘लोल’ आणि ‘रोफल’ यांतील तारतम्य समजावून सांगण्याची गरज पडली नसती!) अशा संवादांतील वेचे जमविणाऱ्या ‘बॅश’ या संग्रहात एक प्रसिद्ध प्रसंग होता. एक जण सांगतो की, येथे आपला पासवर्ड टंकल्यास इतरांना केवळ तारे दिसतात. दुसरा विश्वासाने टंकतो आणि तो सर्वांना दिसतो. फसलेल्यास ते शेवटपर्यंत कळत नाही. मराठीत याला ‘पोपट झाला’ म्हणतात. हास्य निर्मळ नाही हे मान्यच. परंतु फसविणारा, फसणारा आणि पाहणारे एकाच कट्ट्यावर बसलेले आहेत, आणि उद्या फसण्याची पाळी यांतील कोणाचीही असू शकते.

२००५ मधील लीरॉय जेन्किन्सची चित्रफीत या वृत्तीचा उत्कर्षबिंदू मानावी लागेल. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातील एक तुकडी यशाची टक्केवारी काढून बारकाईने व्यूह आखत असते. तेवढ्यात लीरॉय स्वतःचे नाव गर्जत शत्रूत घुसतो आणि सारी तुकडी गारद होते. हा प्रसंग रचलेला होता, हे पुढे उघड झाले. त्याने त्याचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. कारण येथे समूहाने आपल्याच नियोजनाच्या सोसाचे विडंबन केले आहे. ‘चिमणरावा’च्या फजित्या वाचणाऱ्यास ही जात ओळखीची वाटेल.

थॉमस हॉब्ज यांच्या मते हास्य म्हणजे स्वतःच्या श्रेष्ठत्वाची अकस्मात झालेली जाणीव. वरील उदाहरणांना हे सूत्र पुरत नाही. ते नेमके लागू पडते पुढच्या अवस्थेस. २००८ मध्ये ‘फेल ब्लॉग’ सुरू झाला आणि ‘फेल’ हा शब्द अनोळखी माणसांच्या छायाचित्रांवर शिक्क्यासारखा उमटू लागला. घसरून पडलेला कोणी, उलटे बसविलेले दार, चुकीच्या इंग्रजीतील पाटी. ज्याच्यावर शिक्का पडला तो कट्ट्यावर नाही, त्याला उत्तर देता येत नाही आणि त्याच्यासाठी पुढचा डावही नाही. येथे खेळातला ‘फेल’ निकालपत्रातल्या ‘फेल’च्या जवळ सरकला. पाटीवरील इंग्रजीला हसणाऱ्यांना आपला शब्दच कदाचित एका जपानी खेळातील मोडक्या इंग्रजीतून आला आहे याचे भान उरलेले दिसत नाही. इंग्रजीचा पहिला निबंध भीत भीत पुढे करणारा विद्यार्थी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या विस्मरणाकडे तटस्थपणे पाहता येणार नाही.

तथापि परक्यावर मारलेला प्रत्येक शिक्का सारखाच अन्याय्य ठरत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये आर्थिक अरिष्टाच्या काळात बेन बर्नान्के आणि हेन्री पॉलसन अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष देत असताना मागे एका निदर्शकाने ‘फेल’ एवढाच फलक धरला होता. तोच शब्द, तोच कर्त्याचा लोप. पण येथे ज्यांच्याकडे निर्देश होता त्यांच्यापाशी सत्ता होती आणि उत्तर देण्यास व्यासपीठही. पाटी रंगविणाऱ्या रंगाऱ्यापाशी यांपैकी काहीच नव्हते. विनोदाच्या मूल्यमापनात शब्दापेक्षा हे अंतर अधिक निर्णायक मानले पाहिजे.

२०१४ मधील ‘कॉल ऑफ ड्यूटी : अॅडव्हान्स्ड वॉरफेअर’ या युद्धखेळात अंत्यविधीच्या दृश्यात श्रद्धांजली वाहण्यासाठी ‘एफ’ ही कळ दाबण्याची सूचना येते. शोकासारखी गोष्ट कळीवर आणून ठेवल्याबद्दल त्या दृश्याची यथेच्छ टिंगल झाली. एका अर्थी तेही खेळ रचणाऱ्यांचे ‘फेल’च. पुढे मात्र चॅटमध्ये कोणाचा संगणक बंद पडला, कोणाचा डाव हुकला, की बाकीचे एकामागून एक फक्त ‘एफ’ लिहू लागले. टिंगल त्यात शिल्लक आहेच. पण लिहिणारा निवाडा देत नाही. हरणाऱ्याच्या शेजारी क्षणभर उभा राहतो, आणि लगेच पुढच्या डावाकडे वळतो.