भय, रहस्य आणि काही नव्या कादंबऱ्या

रहस्यकथा आणि भयकथा या सख्ख्या बहिणी आहेत असे आपण धरून चालतो. ग्रंथालयात त्या एकाच फळीवर असतात, प्रकाशक त्यांना एकाच तऱ्हेचे मुखपृष्ठ चढवतात, आणि वाचकही एकीच्या भरवशावर दुसरीला घरी नेतो. गेल्या काही वर्षांत गाजलेल्या चार इंग्रजी कादंबऱ्या मी यंदा पाठोपाठ वाचल्या. माझे इंग्रजी शाळेतल्या क्रमिक पुस्तकांवर पोसलेले; त्यामुळे कोश उशाशी ठेवून, सावकाशीने वाचल्या. सावकाशीचा एक फायदा असतो. पुस्तक आपल्याला कुठे फरफटत नेते आहे आणि कुठे खरोखर धरून ठेवते आहे, हे पायाखाली समजते. या वाचनातून माझे असे मत झाले की, या बहिणी सख्ख्या तर नाहीतच, उलट आजकाल थोरली धाकटीच्या मुळावर उठली आहे.

माझ्या वर्गातली मुले पावसाळ्यात, कोणी शिक्षक रजेवर असले आणि दोन वर्ग एकत्र बसवले की, गोष्ट मागतात. मागतात तीही नवी नव्हे. ‘गुरुजी, ती पिंपळावरल्या मुंजाची!’ शेवट सगळ्यांना पाठ. मी एखादे वाक्य गाळले तर मागल्या बाकावरून दुरुस्ती येते. तरी मुंजा झाडावरून उतरू लागला की ही सारी मंडळी एकमेकांना चिकटून बसतात. याउलट चोर कोण हे शेवटी उघड करणारी गोष्ट एकदा सांगून झाली की दुसऱ्यांदा तिचे नाव कोणी काढीत नाही. रहस्य कळले की संपते. भय कळल्यावर सुरू होते.

हा फरक ध्यानात ठेवून अॅलेक्स मायकेलिडीस यांची ‘द सायलेंट पेशंट’ (२०१९) पाहावी. अॅलिशिया बेरेनसन ही चित्रकार स्त्री आपल्या नवऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक अक्षर बोलत नाही. लंडनमधल्या मनोरुग्णांच्या एका बंदिस्त संस्थेत तिला ठेवतात. थिओ फेबर नावाचा मानसोपचारतज्ज्ञ तिला बोलते करण्याच्या ईर्षेने तिथे नोकरी धरतो. खुनानंतर तिने फक्त एक चित्र काढले आहे, आणि त्याला नाव दिले आहे ‘अॅल्सेस्टिस’. युरिपिडीसच्या ग्रीक नाटकातली ही राणी नवऱ्याच्या ऐवजी स्वतः मरण पत्करते. पुढे हेराक्लीस तिला मृत्यूच्या हातून सोडवून परत आणतो, तेव्हा ती नवऱ्यासमोर मुकी उभी राहते. जो आपल्याला खुशाल मरू देतो, त्याच्या घरी परत आल्यावर बाईने बोलावे तरी काय?

केवढा मोठा प्रश्न लेखकाच्या हाती आपण होऊन आला होता! आणि त्याने त्याचे केले काय, तर कुलूप. किल्ली शेवटच्या पानांत. ती किल्ली मी येथे सांगत नाही. पण तिची सारी करामत कालक्रमाच्या लपवालपवीत आहे, एवढे म्हणायला हरकत नाही. कोणते प्रकरण कधी घडले हे आपल्याला मुद्दाम धूसर ठेवलेले असते. पुस्तक हातातून सुटत नाही हे खरेच. मी एका रविवारी सकाळी बसलो तो दिवेलागणीलाच उठलो. पण दुसऱ्यांदा वाचायला घेतले तेव्हा हाती टरफल आले. अॅगाथा ख्रिस्तीबाईंनी १९२६ साली ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’मध्ये निवेदकाकडूनच वाचकाला चकवले, तेव्हा हा डाव अन्यायाचा आहे अशी ओरड काही वाचकांनी केली होती. तरीही ते पुस्तक परत वाचता येते, कारण तिथले दुटप्पी वाक्य दुसऱ्या वाचनात अधिकच चमकते. येथे तसे होत नाही. अॅलिशियाचे मौन हे दुःख म्हणून उभे केलेले नाही. ते कलाटणीच्या सोयीसाठी तिच्या तोंडाला बांधलेले फडके आहे.

या एका पुस्तकाला मी इतकी पाने खर्ची घालण्याचे कारण असे की, त्याची छाया आपल्याकडेही पडते आहे. ‘शेवटी कलाटणी आहे ना?’ हा प्रश्न मला एका प्रकाशकांनी हस्तलिखित हातात घेण्यापूर्वी विचारला. पहिले पान कसे आहे हे त्यांनी विचारले नाही.

सिमोन सेंट जेम्स यांच्या ‘द सन डाउन मोटेल’ (२०२०) या कादंबरीत भुते आहेत आणि खुनीही आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या फेल नावाच्या काल्पनिक गावाबाहेर रस्त्याकडेला एक पडीक प्रवासी निवास. १९८२ साली तिथे रात्रपाळीला असलेली व्हिव्ह ही तरुणी नाहीशी होते. पुढे २०१७ मध्ये तिची भाची कार्ली शोध घेत येते आणि तीच रात्रपाळी पत्करते. मध्यरात्री खोल्यांची दारे एकामागून एक आपोआप उघडतात, पाटीचे दिवे मालवतात, कोणी ओढत नसलेल्या सिगारेटचा वास येतो. हे सगळे नेटके आहे. परंतु खरी भीती त्या दारांत नाही. गावातल्या मुली एकामागून एक मारल्या जातात, त्यांत एका शिक्षिकेचे प्रेत तर हे निवास बांधत असतानाच तिथे टाकलेले सापडते. व्हिव्ह एकटीने नोंदवही चाळून, पाळत ठेवून माग काढते. आणि तिचे बोलणे मनावर घेणारी पोलिसांत एकच, तीही रात्रपाळीचीच बाई. दिवसपाळीच्या जगाला या मुलींच्या मरणाची फुरसत नाही. रात्री उशिरा कामावरून परतणारी कोणतीही मुलगी ही पाने कशी वाचील, याचा पुरुष वाचकाने जरा विचार करावा. उणे इतकेच की, बाईंनी आपल्या भुतांना जागोजाग पोलीसपाटलाच्या कामाला जुंपले आहे. कथा अडली की भूत येऊन खूण दाखवून जाते. खुणा दाखवणाऱ्या भुताची भीती वाटेनाशी होते.

सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांची ‘मेक्सिकन गॉथिक’ (२०२०) याहून वरच्या यत्तेतली. १९५० सालच्या मेक्सिकोमधली नोएमी ही श्रीमंत, नाचगाण्याची हौस असलेली आणि हुशार मुलगी आपल्या चुलत बहिणीचे भ्रमिष्टासारखे पत्र आल्यामुळे डोंगरातल्या एका वाड्यात येते. वाडा डॉइल या इंग्रज घराण्याचा. चांदीच्या खाणीवर माजलेला आणि खाण बुडाल्यावर कुजत चाललेला. जेवणाच्या टेबलावर बोलायचे नाही असा घरचा दंडक. म्हातारा डॉइल पहिल्याच भेटीत तिच्या कातडीच्या रंगाची चर्चा करतो. फुलझाडांसाठी यांनी मातीसुद्धा पेट्यांत भरून विलायतेहून आणलेली! ही कल्पना अगदीच हवेतली नव्हे. इदाल्गो प्रांतातल्या रेआल देल मोंते या गावी १८२० नंतर इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार आले. त्यांची इंग्रजी दफनभूमी तिथे आहे आणि त्यांच्या सारण भरलेल्या कानवल्याची मेक्सिकन आवृत्ती त्या गावात आजही विकली जाते.

पहिला अर्धा भाग मी थांबत थांबत वाचला. भिंतीवरचा बुरशीचा डाग रोज थोडा हलतो आहे की काय, हे नोएमीबरोबर मलाही कळेना. पुढे मात्र बाईंना सगळे समजावून सांगण्याचा मोह आवरत नाही. बुरशी काय करते, कशी करते, कोणाच्या रक्तात का भिनते याचा तास सुरू होतो. मी शिक्षक आहे, तास ओळखतो. तरी शेवटपर्यंत मनात राहतात ती त्या घराखालची माणसे. खाणीत साथीने मेलेल्या, नावाचा दगडही न लाभलेल्या मजुरांवर तो वाडा उभा आहे, आणि तेथील बाग त्यांच्यावर पोसली आहे. भुताला येथे देहही लागत नाही. हिशेब चुकता झालेला नाही, एवढे पुरे आहे.

आपल्या लोकांनी भुतांची जी वर्गवारी केली ती याच हिशेबावर केलेली आहे, हे येथे आठवते. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला तो मुंजा. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेली ती अलवंतीण. पुरलेल्या धनात जीव अडकला किंवा मागे निपुत्रिक घर राहिले तो समंध. प्रत्येकाच्या नावातच थकबाकी लिहिलेली आहे. कोकणातली कोणतीही म्हातारी भूत कसे दिसते हे दोन वाक्यांत उरकते, आणि ते का झाले हे सांगायला अर्धी रात्र घेते.

म्हणूनच या चारांतली मला सर्वांत मोठी वाटलेली कादंबरी, स्टीफन ग्रॅहम जोन्स यांची ‘द ओन्ली गुड इंडियन्स’ (२०२०), मला परकी वाटली नाही. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातली ब्लॅकफीट ही आदिवासी जमात. लेखक त्याच जमातीचे. चार तरुण मित्र जमातीतल्या वृद्धांसाठी राखून ठेवलेल्या रानात, बर्फात, चोरून शिकारीला जातात आणि एल्क हरणांच्या कळपावर बेभान गोळ्या चालवतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच गोतावळ्यातले, पण त्याहून थोराड जनावर. त्या कळपात एक कोवळी मादी असते, गाभण. ती लवकर मरत नाही. लुइस नावाचा तरुण तिला वचन देतो की तुझे काहीच वाया जाऊ देणार नाही. दहा वर्षे लोटतात. आता लुइस शहरात पोस्टात नोकरीला आहे, घर आहे, बायको आहे. आणि एके दिवशी शिडीवर चढून दिवा दुरुस्त करताना, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून खाली पाहतो तो दिवाणखान्याच्या जमिनीवर ती मादी पडलेली दिसते. पाती थांबली की नाही. फिरली की आहे.

ही अलवंतीणच नव्हे काय? पोटात पिल्लू असताना मारली गेलेली, वचन मोडलेली, मागे लागलेली. येथे लपवलेले असे फार काही नाही. ती कोण, का आली, कोणाकोणाकडे जाणार, हे वाचकाला पुस्तकाच्या मध्यापूर्वीच कळते. तरी भीती ओसरत नाही. वाढते, कारण तिचे म्हणणे खोटे आहे असे आपल्याला एकदाही म्हणता येत नाही. चौघांपैकी एकाची मुलगी डेनोरा बास्केटबॉल खेळते, आणि बापाचे देणे तिच्या दारी येते तेव्हा तो हिशेब ज्या मैदानावर मांडला जातो, तसे दृश्य मी दुसऱ्या कोणत्या भयकादंबरीत वाचलेले नाही. रक्तपात जास्त आहे, तो काही जागी किळसवाणाही होतो. नाजूक प्रकृतीच्या वाचकाने दिवसाउजेडी वाचावे.

असो. मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न येथे टाळता येत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने भुतांच्या पुस्तकांचे गोडवे गावेत काय? २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, ज्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध कायदा आला, तेथे हा प्रश्न हलका नाही. माझ्यापुरते उत्तर असे की, गावातला भोंदू मांत्रिक भूत उभे करतो ते लगेच पैसे घेऊन उतरवण्यासाठी. नारळ, कोंबडे, पाच हजार रुपये, आणि देणे फिटले! चांगली भयकादंबरी हा सौदा नाकारते. याच कारणाने नारायण धारपांचा मोठा चाहता असूनही त्यांचे ‘समर्थ’ मला पूर्ण पटत नाहीत. ते भोंदू नव्हेत, सत्पुरुष आहेत. परंतु ते आले की आता सगळे ठीक होणार हे कळते आणि आपण पाय पसरून वाचू लागतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत असा सोडवणारा कोणी येत नाही, म्हणून ती दिवा मालवल्यावरही खोलीत राहते. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांनी ‘दंशकाल’मध्ये घराण्याच्या पोटातले भय जसे धुंडाळले आहे, ते याच वाटेवरचे. ‘तुंबाड’ चित्रपट (२०१८) धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून स्फुरला. त्यातही माणसाला खाते ती हावच.

‘द ओन्ली गुड इंडियन्स’ चांगल्या मराठीत यावी अशी माझी इच्छा आहे. अवघड जाणार आहे. त्या मादीच्या बाजूने लिहिलेली प्रकरणे लेखकाने द्वितीय पुरुषात लिहिली आहेत, आणि इंग्रजीत त्यासाठी एकच शब्द असल्याने त्याचे भागले. आपल्याला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत निवड करावी लागेल. अनुवादकाने ‘तू’च घ्यावे. गाईला आपण ‘तू’ म्हणतो, आईला म्हणतो, देवीलाही म्हणतो. आणि अलवंतीण हा शब्द, कितीही तोंडाशी आला, तरी त्याने तो वापरू नये. वाचक तो आपणच उच्चारील.