'स्त्रीपुरुष तुलना': ताराबाईंनी उलटा करून विचारलेला प्रश्न



पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "लग्न झाल्यावर संशोधन पूर्ण होईल ना?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि बाहेर आले. माझ्या आधी आत गेलेल्या वर्गमित्राची तर सोयरीक जुळली होती, तारीखही निघाली होती. त्याला विचारलं, तुला हा प्रश्न आला का रे? तो म्हणाला, "मला कशाला विचारतील?"

तेव्हा फक्त वाईट वाटलं. राग आला तो नंतर, ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' वाचताना. मी विज्ञान शाखेची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, साहित्याच्या लोकांना माझं वाचन भाबडं वाटू शकेल. पण संशोधनाची पद्धत शिकणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं असं मला ठामपणे वाटतं, म्हणून लिहितेय.

ताराबाई आपल्या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मुलाला मारल्याचा खटला चालला. आधी फाशी झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. पुण्यातल्या 'पुणे वैभव' या पत्राने या निमित्ताने सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी निबंध लिहिला. तो १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

आता पद्धतीकडे या. एकटी बाई गुन्हेगार ठरली की चर्चा 'बायकांच्या स्वभावावर' जाते. ताराबाई तिथेच थांबवतात आणि विचारतात: मग पुरुष? जो दोष बाईला लावलात तो पुरुषात आहे की नाही, हे पाहिलंत का? आपण प्रयोगशाळेत कंट्रोल ग्रुप म्हणतो ना, तोच मुद्दा. एकाच गटाची मोजणी करून दोन गटांतल्या फरकाबद्दल बोलता येत नाही. बायकांचे दुर्गुण मोजणारा एक संस्कृत श्लोक त्या घेतात, त्यातला एकेक आरोप उचलतात आणि पुरुषांवर लावून बघतात. 'साहस' हा त्यातलाच एक. इथे सावध राहा. आज साहस म्हणजे धाडस, कौतुकाचा शब्द. तेव्हा त्याला अविचाराने केलेलं दुष्कृत्य असाही अर्थ होता, आणि निबंधाच्या मुखपृष्ठावरच प्रश्न आहे की स्त्री आणि पुरुष यांत साहसी कोण. जुना मजकूर आजच्या अर्थाने वाचला की शीर्षकातच घसरायला होतं. मी घसरले होते.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांनी पुस्तकांची घेतलेली झडती. 'स्त्रीचरित्रा'च्या गोष्टी, 'मनोरमा' नाटक, 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' या कादंबऱ्या, सगळ्यांना त्या धारेवर धरतात. पुस्तकातली बाई लिहिली कोणी, आणि तशी बाई खरोखर कोणत्या घरात दिसते, हे त्यांचे प्रश्न. पुराणांनाही सूट नाही. सावित्री नवऱ्याचे प्राण आणायला यमाच्या मागे गेली; बायकोसाठी कोणी नवरा त्या वाटेला गेल्याचं ऐकलंय का? विधवेचं केशवपन करता, तर विधुराने मिशा उतरवून रानात का राहू नये? वाचताना हसू येतं आणि लगेच अंगावर येतं.

'अमुक लेखकाच्या साहित्यातील स्त्रीचित्रण' असे विषय घेणारे बरेच जण नायिकांची यादी करतात: सोशिक, बंडखोर, त्यागी. पुरुष पात्रांना ही विशेषणं कोणी लावत नाही. लावून बघा, प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच निघेल.

आता उणी बाजू. निबंध विस्कळीत आहे. मुद्दा सोडून त्या भलतीकडे जातात, राणीच्या राज्याची स्तुती करतात, चिडल्या की सरसकट सगळ्या पुरुषांना झोडतात. म्हणजे 'पुणे वैभव'ने जे सरसकटीकरण केलं, तेच उलट बाजूने. संशोधक म्हणून ही चूकच. शिवाय नजर बहुतेक घराच्या आत, वरच्या जातींच्या चालीरीतींवर आहे. वऱ्हाडात कापूस वेचायला जाणारी बाई, जिचे कष्ट आणि जात दोन्ही तिच्याविरुद्ध होते, ती इथे फारशी येत नाही. आणि पतिव्रता हा आदर्श त्या पूर्ण मोडतही नाहीत. बरेचदा त्यांचं म्हणणं एवढंच असतं की नवऱ्यानेही त्याला लायक असावं.

तरी त्याच वर्षी, त्याच पुण्यात आलेलं पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीति' शेजारी ठेवून बघा. तिथे उपदेश बायकांना आहे, शिका, सुधारा असा. ताराबाई उलटतपासणी पुरुषांची घेतात. मला वाटतं, म्हणूनच त्यांना जास्त सोसावं लागलं. टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना १८८५ च्या 'सत्सार'मधून त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचं दुसरं कोणतंही पुस्तक आपल्याकडे नाही. हेही जवळजवळ विस्मरणातच गेलं होतं; स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापून आणलं. मध्ये ९३ वर्षं गेली. पुढे १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर आलं, आणि जगभरच्या अभ्यासक्रमांत बुलढाण्याचं नाव गेलं.

आपल्या जिल्ह्यात तुलनेचा आणखी एक आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर १००० मुलांमागे मुली ८५५. जिजाऊंचं सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे आणि तिथे दरवर्षी १२ जानेवारीला आपण सगळे जातो.

सध्या मी 'मुक्तामाला'ची प्रत शोधतेय. ताराबाईंचा आरोप मूळ कादंबरीवर तपासून पाहायचा आहे. त्यांनी कुठे अन्याय केला असेल, तर तेही पुढच्या लेखात लिहीन.