पालेभाज्यांवरील रोगजंतू आणि वनस्पतिजन्य जिवाणूनाशक द्रव्ये : परभणीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

मराठवाड्यात हिवाळा लागला की मेथीच्या किंवा करडईच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा भाकरीबरोबर खाल्ला जातो. पाला चिरावयाचा, त्यात कांदा, तिखट, मीठ, शेंगदाण्याचे कूट आणि तेल कालवावयाचे; चुलीचा त्याच्याशी संबंध येत नाही. पालक, अंबाडी, चुका, चाकवत या भाज्या शिजतात आणि शिजताना त्यांच्यावरील साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे जिवाणू मरतात. घोळाणा, वरून भुरभुरलेली कोथिंबीर आणि कांद्याची पात यांच्या बाबतीत मात्र पान आणि तोंड यांच्यामध्ये धुणे एवढी एकच प्रक्रिया असते. त्यामुळे पालेभाज्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी निर्जंतुक करता येतील काय, हा प्रश्न परभणीसारख्या जिल्ह्यासाठी केवळ पुस्तकी ठरत नाही.

या प्रश्नाला जागतिक महत्त्व आले ते 2006 मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत पालकाच्या पानांतून पसरलेल्या ई. कोलाय ओ157:एच7 या जिवाणूमुळे 26 राज्यांत सुमारे 200 व्यक्ती आजारी पडल्या व काहींचा मृत्यू झाला. 2018 मध्ये अॅरिझोनातील युमा भागात पिकलेल्या रोमेन लेट्यूसमुळे 210 व्यक्तींना बाधा झाली व 5 दगावल्या. तेथील कालव्याच्या पाण्यात तोच जिवाणू आढळला. कालव्याचा हा तपशील परभणीच्या वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे.

प्रयोगशाळेतील थाळी आणि प्रत्यक्ष पान :

लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातील सिट्रल ही द्रव्ये जिवाणूंच्या पेशीपटलात शिरून ते सच्छिद्र करतात, पेशीतील आयन व ऊर्जाद्रव्ये बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. ही क्रिया सिद्ध झालेली आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांतील या विषयावरील निबंधांचा मोठा भाग मात्र याच ठिकाणी थांबतो. तुळस, कडुनिंब किंवा हळद यांचा अल्कोहोलमधील अर्क काढावयाचा, त्यात भिजविलेली कागदी चकती आगरच्या थाळीवर ठेवावयाची, भोवतालच्या जिवाणूविरहित वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावयाचा आणि ‘सदर वनस्पती अन्नसुरक्षेसाठी उपयुक्त आहे’ असा निष्कर्ष काढावयाचा, असा हा ठरलेला साचा होय. पदोन्नतीच्या गुणांच्या गणितात तो सोयीचा ठरला हे नाकारता येणार नाही.

या पद्धतीतील दोष मूलभूत आहे. वर्तुळाचा व्यास द्रव्याच्या मारकशक्तीइतकाच ते आगरमधून किती पसरते यावरही अवलंबून असतो. पाण्यात न विरघळणारी तेले आगरमध्ये नीट पसरत नाहीत. म्हणून समर्थ द्रव्याचे वर्तुळ लहान आणि दुर्बल पण विद्राव्य द्रव्याचे मोठे दिसू शकते. केवळ अल्कोहोलची चकती तुलनेसाठी ठेवली नसेल तर वर्तुळ वनस्पतीचे की अल्कोहोलचे, हेही सांगता येत नाही. शिवाय पान म्हणजे आगर नव्हे. पानावर मेणचट थर असतो. जिवाणू पर्णरंध्रांत, शिरांच्या खाचांत, चिरलेल्या कडांशी दडतात. सारा बर्ट यांनी 2004 मध्ये सुगंधी तेलांवरील संशोधनाचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात प्रयोगशाळेत पुरेशी ठरलेली मात्रा प्रत्यक्ष अन्नात अनेक पटींनी वाढवावी लागते हे स्पष्ट केले होते. दोन दशके उलटूनही आपल्याकडील चकतीचे प्रयोग चालूच आहेत.

एका चांगल्या अभ्यासाची मर्यादा :

याउलट अॅरिझोना विद्यापीठातील साधना रविशंकर व त्यांच्या सहकाऱ्यांचा 2012 मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड मायक्रोबायॉलॉजी’त प्रसिद्ध झालेला गवती चहाच्या तेलावरील अभ्यास थेट पानाकडे जातो. सेंद्रिय लेट्यूस व पालकाच्या पानांवर साल्मोनेला न्यूपोर्ट सोडून ती पाने 0.1, 0.3 व 0.5 टक्के तेलाच्या द्रावणात 1 किंवा 2 मिनिटे बुडविण्यात आली. नंतर 4 किंवा 8 अंश सेल्सिअसला ठेवून तिसऱ्या दिवसापर्यंत जिवाणू मोजण्यात आले. तेलाविना केवळ लवणद्रावणात बुडविलेली पाने तुलनेसाठी होती. मात्रा वाढली तसा परिणाम वाढला आणि साठवणुकीतही तो टिकून राहिला. तुलना, मात्रा, काळ व तापमान यांची अशी शिस्त आपल्याकडील निबंधांनी घ्यावी.

मात्र हा अभ्यास परभणीच्या बाजारात आणून पाहिला की वेगळे प्रश्न उभे राहतात. पहिला तापमानाचा. परभणीत डिसेंबरच्या रात्री पारा 10 अंशांखाली जातो हे खरे. परंतु मे महिन्यात तो 42 अंशांपलीकडे पोहोचतो आणि कोथिंबीर तेव्हाही विकली जाते. ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली जुडी 37 अंशांच्या आसपास असेल तर ते साल्मोनेलाच्या वाढीस अत्यंत पोषक तापमान होय. शीतकपाटातील टिकाऊ परिणाम तेथे टिकेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा प्रश्न साध्या हिशेबाचा आहे. 0.5 टक्के म्हणजे 20 लिटरच्या टबास 100 मिलिलिटर तेल. गवती चहाच्या ताज्या पाल्यात तेलाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. म्हणजे एका टबासाठी किमान नऊ किलो पाला लागेल, आणि तोही ऊर्ध्वपातनाची सोय असेल तर. परसातील गवती चहा उकळून केलेला काढा म्हणजे हे तेल नव्हे. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यासाठी पायसकारक लागतो. हळदीच्या पाण्याबद्दलही हेच. त्यातील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शिवाय मात्रा वाढली की पाने करपतात, वास बसतो. ओव्याच्या वासाची मेथी कोणते गिऱ्हाईक घेईल?

तिसरा मुद्दा आकड्यांच्या भाषेचा. संशोधनात ‘एक लॉग घट’ म्हटले की 90 टक्के जिवाणू गेले असे होते. ऐकावयास हे मोठे वाटते. पण दहा लाखांतून एक लाख उरतात, आणि ओ157 प्रकारच्या ई. कोलायचे शंभराहून कमी जंतूही आजार घडवू शकतात. स्वच्छ पाण्याने नीट धुतले तरी साधारण तेवढीच घट मिळू शकते. म्हणून तेलाने किती जंतू मारले यापेक्षा पाण्याहून किती अधिक मारले, हा खरा प्रश्न होय. तो न विचारणारा निबंध समीक्षकांनी परत पाठवावा.

पाण्याचा प्रश्न :

जंतू पानावर येतात ते मुख्यतः पाण्यातून, कच्च्या शेणखतातून आणि हाताळणीतून. गोदावरी, पूर्णा, दुधना यांचे काठ, विहिरी आणि जायकवाडीचा डावा कालवा यांवर जिल्ह्यातील भाजीपाला पोसला जातो. बाजारात जुडी टवटवीत दिसावी म्हणून शिंपडलेले पाणी हा आणखी एक टप्पा. या पाण्यात विष्ठाजन्य ई. कोलाय किती, याची ऋतुवार मोजणी महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही करता येते. त्यासाठी रोगकारक वाण बाळगण्याची जोखीम घ्यावी लागत नाही. वनस्पतिजन्य तेलांचे स्थान त्यानंतरचे आहे. बुडविण्याच्या पाण्यातून एका जुडीचे जंतू दुसऱ्या जुडीवर जाऊ नयेत यासाठी ती कदाचित उपयोगी पडतील. मोठ्या धुलाई केंद्रांत क्लोरीनचेही मुख्य काम तेच असते.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि त्याचे अन्नतंत्र महाविद्यालय परभणीतच असल्याने असे काम येथे होण्यास अडचण नसावी. अमेरिकेतील अभ्यासांत लेट्यूस व पालकाची सुटी पाने होती. येथील मेथी मुळांसकट उपटली जाते आणि मातीसह जुडी बांधून विकली जाते. जुडी बुडविली तर द्रावण आतल्या पानांपर्यंत पोहोचते काय, मुळांची माती द्रावणातील सक्रिय द्रव्य शोषून घेते काय, आणि बांधण्यापूर्वी मुळे छाटली तर किती फरक पडतो, हे प्रयोग लेट्यूसवर करता येणार नाहीत.