गळ कसा टाकावा: एक राजा, एक कापडव्यापारी आणि भंडाऱ्याचं थंड पाणी

मराठीत ‘विनोद’ म्हटलं की हसू येतं. बाराव्या शतकातल्या संस्कृतात विनोद म्हणजे करमणूक. त्या जुन्या अर्थाने दख्खनमध्ये गळाच्या मासेमारीवर एक प्रकरण लिहिलं गेलं, त्याचं नाव ‘मत्स्यविनोद’. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३०च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’मधलं हे प्रकरण. शंभर प्रकरणांचा हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना माहीत असतो तो महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, या उल्लेखामुळे. मासे मात्र मागेच राहतात.

ते प्रकरण आज वाचायचं कशासाठी? कारण गळ शिकणाऱ्यांची एक नवी पिढी आली आहे. काठी ऑनलाइन मागवायची, रीळ कसं बसवायचं ते व्हिडिओत बघायचं आणि थंडीतल्या एखाद्या रविवारी तलाव गाठायचा. शिकवणारी पुस्तकं काय शिकवतात आणि काय गाळतात, हा प्रश्न म्हणूनच ताजा आहे. परीक्षेसाठी भंडारा जिल्हा घेऊ. हा तलावांचा जिल्हा आहे, आणि पौषातलं तिथलं पाणी नवख्याला सहज काही देत नाही.

मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं शरीरही गार पडतं, पचन मंदावतं, भूक घटते. रोहू, मृगळ खोल पाण्यात तळाशी थांबतात. उन्हाने काठचं पाणी जरा कोमट झालं की दुपारी थोडी हालचाल होते. म्हणून आमिष लहान हवं, दोर बारीक हवा आणि नजर तरंगीवर हवी. पावसाळ्यासारखी ती गपकन बुडत नाही, नुसती किंचित कलते. तेवढं ज्याला दिसलं, त्यालाच मासा मिळतो.

या कसोटीवर सोमेश्वर अर्धा उतरतो. त्याला मासा कळतो. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, लहान आणि मोठे, समुद्रातले आणि नदीतले असे सुमारे पस्तीस प्रकार तो सांगतो, आणि कुणाला काय खाऊ घालावं तेही. माशाला आधी खाण्याची सवय लावा, मग गळ टाका, हा त्याचा विचार आजही चुकीचा नाही. ग्रंथाच्या केंद्रस्थानी मात्र राजा आहे, आणि राजाला शिकाऊ असून चालत नाही. ‘काहीच लागलं नाही’ अशा दिवसाला या विनोदात जागा नाही.

ती जागा सापडते ‘द कम्प्लीट अँगलर’मध्ये. लंडनचा कापडव्यापारी आयझॅक वॉल्टन याचं हे पुस्तक १६५३ साली आलं. गुरू आणि शिष्य चालता चालता बोलतात, अशी त्याची रचना. एका प्रसंगात गुरूला मासे मिळतात, शिष्याला मिळत नाहीत. शिष्य म्हणतो, तुमची काठी चांगली आहे. गुरू काठी बदलून देतो. तरीही मासा गुरूलाच! सामान विकणाऱ्या आजच्या शेकडो व्हिडिओंना हा एक प्रसंग पुरेसं उत्तर आहे. व्हिडिओ तीन तासांची वाट कापून टाकतो आणि तीस सेकंदांचा मासा दाखवतो. थंडीत शिकायची असते ती नेमकी वाट पाहणंच.

वॉल्टनची आणखी एक बाजू आवडते. इंग्लंडात ट्राउट आणि सामन हे मानाचे मासे. बाकी गोड्या पाण्यातल्या माशांच्या मासेमारीला पुढे ‘कोर्स फिशिंग’ म्हणू लागले. कोर्स म्हणजे जाडंभरडं. वॉल्टन ट्राउटवर जीव टाकतो, पण लोकांनी नाकं मुरडलेला चब मासाही नीट शिजवला तर चविष्ट लागतो, हे आवर्जून सांगतो.

तरीही दोन्ही पुस्तकं भंडाऱ्यात अपुरी पडतात. दोघांसाठी पाणी म्हणजे मोकळी जागा. इथे तसं नाही. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे आले आणि १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे. आज अनेक तलावांत मच्छीमार सहकारी संस्था ठेका भरतात, बीज सोडतात आणि त्यावर ढिवर कुटुंबांचं वर्ष चालतं. गोसेखुर्दच्या धरणाने वैनगंगेचं वाहतं पाणी थबकलं तेव्हा नदीवरच्या ढिवरांचा धंदाच बदलला. अशा पाण्यात न विचारता टाकलेला गळ म्हणजे दुसऱ्याच्या ताटात घातलेला हात.

कुठला मासा कोणत्या महिन्यात कुठे असतो, कोणत्या पाणवनस्पतीखाली अंडी घालतो, मरळ श्वासासाठी वर येते तेव्हा पाणी कसं हलतं, हे ज्ञान ढिवरांकडे आहे. पण ते ना विनोद आहे, ना ग्रंथ. बाप गळ टाकतो, पोरगं शेजारी बसतं, एवढीच त्याची शाळा. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यातच होतं. ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिणाऱ्या या माणसाने रानातल्या माणसांकडून शब्द शिकून घेतले. मराठीत या वाटेची सुरुवात त्यांनी करून ठेवली आहे. पण शिकवणारा ढिवर स्वतः लिहितो आहे, असं पुस्तक अजून माझ्या वाचनात नाही.

राजाने माशाची भूक लिहिली, व्यापाऱ्याने शिष्याची फजिती लिहिली. ज्याचं पोट पाण्यावर आहे त्याचं पुस्तक यायचं आहे. कदाचित ते आधी मोबाइलवर, त्याच्याच बोलीत रेकॉर्ड होईल. तोवर या हिवाळ्यात भंडाऱ्याकडे जाणार असाल, तर काठी बाहेर काढण्याआधी तलाव कोणत्या संस्थेचा आहे ते विचारा. परवानगी मिळाली, तर काठावरच्या काकांशेजारी बसा आणि पहिला तासभर फक्त त्यांची तरंगी बघा.