कॅनडातील ‘जर्मन’ कोण? : स्थलांतरितांच्या इतिहासलेखनातील एका संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना

कॅनडातील युरोपीय स्थलांतरितांच्या इतिहासात ब्रिटिश आणि फ्रेंच यांच्या खालोखाल जर्मन समूहाचा उल्लेख केला जातो. १७५३ मध्ये नोव्हा स्कोशियातील लुनेनबर्ग येथे वसविलेले परदेशी प्रॉटेस्टंट, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेनसिल्व्हेनियातून ऑन्टारिओच्या वॉटरलू परिसरात आलेले मेनोनाइट पंथीय, १८७४ पासून रशियातून मॅनिटोबात आलेले त्याच पंथाचे शेतकरी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले निर्वासित व कारागीर या सर्वांना संशोधक ‘जर्मन-कॅनडियन’ या एकाच नावाने ओळखतात. परंतु यांचे मूळ प्रदेश, धर्मपंथ, बोली आणि स्थलांतराची कारणे भिन्न होती. त्यांना एका नावाखाली कोणी व कशासाठी आणले, हा प्रश्न या विषयावरील संशोधनात पुरेशा गांभीर्याने विचारला गेला आहे काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषा हीच कसोटी : लेहमन यांची मांडणी

या क्षेत्रातील पायाभूत काम हाइन्झ लेहमन या जर्मन अभ्यासकाचे आहे. पूर्व आणि पश्चिम कॅनडातील जर्मन वसाहतींवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यांपैकी पश्चिम कॅनडावरील ग्रंथ १९३९ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. वसाहतींची बारकाईने केलेली नोंद ही लेहमन यांची मोठी देणगी होय. पश्चिमेकडील गवताळ प्रांतांतील बहुसंख्य जर्मन भाषक थेट जर्मनीतून आलेले नसून रशिया, ऑस्ट्रिया-हंगेरी, रुमानिया आणि अमेरिका येथून आलेले होते, हे त्यांच्याच नोंदींवरून स्पष्ट होते. तरीही या सर्वांना त्यांनी ‘डॉइचटूम’ म्हणजे जर्मनपण या एका संकल्पनेत बसविले. भाषा जर्मन, म्हणून माणूस जर्मन, असे हे समीकरण आहे. ज्या मेनोनाइटांच्या दृष्टीने पंथनिष्ठा ही राष्ट्रनिष्ठेच्या कितीतरी आधीची होती, त्यांचे स्वतःचे म्हणणे या समीकरणात हरवून जाते.

सीमेपलीकडच्या सर्व भाषाबांधवांना एका राष्ट्राचे घटक मानण्याची ही कल्पना त्या काळी नाझी राजवटीच्या सोयीची होती. जोनाथन वॅग्नर यांनी १९८१ मधील ‘ब्रदर्स बियॉन्ड द सी’ या ग्रंथात कॅनडातील नाझी प्रचाराचा मागोवा घेतला आहे. त्या प्रचाराचे यश मर्यादित राहिले, यावरून भाषा आणि निष्ठा यांची सांगड किती सैल होती हे दिसते. पुढे १९८६ मध्ये गेर्हार्ड बास्लर यांनी लेहमन यांचे लेखन इंग्रजीत संपादित करून आणले. त्यामुळे मौल्यवान सामग्री इंग्रजी वाचकांना उपलब्ध झाली. मात्र सामग्रीबरोबर तिची चौकटही त्यांच्यापर्यंत पोहोचली.

शासनाची कसोटी

लेहमन यांच्या समीकरणाचे साम्य एका अनपेक्षित ठिकाणी आढळते. १९१७ च्या युद्धकालीन निवडणूक कायद्याने कॅनडा सरकारने, ३१ मार्च १९०२ नंतर नागरिकत्व मिळालेल्या शत्रुदेशीय वंशाच्या नागरिकांचा मताधिकार काढून घेतला. शत्रुदेशाची भाषा ही ज्यांची मातृभाषा होती, असे अन्यत्र जन्मलेले लोकही या तरतुदीत आले. म्हणजे समूहाचा गौरव करू पाहणाऱ्या अभ्यासकाने जी व्याख्या स्वीकारली, तीच व्याख्या त्याआधी त्या समूहाला शिक्षा करणाऱ्या कायद्याने वापरली होती. एकाचा हेतू आपलेसे करण्याचा, तर दुसऱ्याचा परके ठरविण्याचा; परंतु संबंधित व्यक्तीला स्वतःविषयी काय वाटते, हे दोघांनीही विचारले नाही.

ही कसोटी स्थिरही राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन नागरिकांना कॅनडात प्रवेशबंदी होती, ती १९५० मध्ये उठली. मात्र जर्मनीचे नागरिकत्व नसलेल्या पूर्व युरोपीय जर्मन भाषकांना १९४७ पासूनच चर्चसंस्थांच्या साहाय्याने प्रवेश मिळू लागला होता. १९१७ मध्ये जी भाषा दोषास पात्र ठरली, ती १९४७ मध्ये आड आली नाही. निर्णायक ठरले ते नागरिकत्व. ‘जर्मन’ या शब्दाचा अर्थ तीस वर्षांत शासनाच्या गरजेनुसार बदलला, असाच याचा निष्कर्ष निघतो.

आकडे आणि मौन

नाव लादले गेले तेव्हा सामान्य माणसांनी काय केले, याचे उत्तर जनगणनेत मिळते. १९११ मध्ये जर्मन वंशाचे म्हणून सुमारे ४ लाख ३ हजार लोकांची नोंद झाली. १९२१ मध्ये ही संख्या सुमारे २ लाख ९५ हजारांवर आली. त्याच दशकात डच वंशीयांची संख्या दुपटीहून अधिक झाली. १९३१ मध्ये जर्मनांची संख्या पुन्हा सुमारे ४ लाख ७३ हजार झाली. असा चढउतार केवळ जन्म, मृत्यू व स्थलांतर यांनी संभवत नाही. मात्र ‘भीतीपोटी सांगितलेले खोटे’ एवढेच त्याचे वर्णन करणेही उचित नाही. रशियातून आलेल्या अनेक मेनोनाइटांचे पूर्वज खरोखरच नेदरलँड्सच्या परिसरातील होते. त्यांच्यापुढे दोन्ही उत्तरे उपलब्ध होती आणि त्यांतील सुरक्षित उत्तर त्यांनी निवडले.

ऑन्टारिओतील बर्लिन शहराचे उदाहरण याहून बोलके आहे. सुमारे ७० टक्के जर्मन वंशीय वस्ती असलेल्या या शहराचे नाव बदलावे काय, यावर मे १९१६ मध्ये मतदान झाले. १,५६९ विरुद्ध १,४८८ अशा अवघ्या ८१ मतांच्या फरकाने बदलाचा पक्ष विजयी झाला. नवे नाव निवडण्यासाठी पुढच्याच महिन्यात पुन्हा मतदान झाले, तेव्हा केवळ ८९२ जणांनी मत दिले आणि त्यांपैकी ३४६ मतांवर ‘किचनर’ हे नाव ठरले. आधी मत दिलेल्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोक दुसऱ्या वेळी फिरकले नाहीत. या मौनाचा अर्थ लावल्याशिवाय शहराचा इतिहास पूर्ण होत नाही.

नवे संशोधन : सामर्थ्य व मर्यादा

अलीकडच्या संशोधनाने एकसंध जर्मनपणाची कल्पना निश्चितपणे मोडीत काढली आहे. अँगेलिका साउअर आणि मॅथियस झिमर यांनी १९९८ मध्ये संपादित केलेल्या लेखसंग्रहात ‘ओळख’ हा शब्दच अनेकवचनी झाला. बार्बरा लोरेन्झकोव्स्की यांच्या ‘साउंड्स ऑफ एथ्निसिटी’ (२०१०) या ग्रंथात शुद्ध भाषेचा आग्रह धरणारे पुढारी आणि इंग्रजीमिश्रित बोली सहजपणे बोलणारे सामान्य लोक यांच्यातील अंतर उत्तम प्रकारे दाखविले आहे. ओळख ही गाण्यात, उत्सवात आणि रोजच्या बोलण्यात घडत असते, हे त्यांचे प्रतिपादन मान्य होण्यासारखे आहे. परंतु या ग्रंथाचा कालखंड १९१४ ला संपतो. ओळख ही लवचीक व खेळकर गोष्ट आहे, असे तोपर्यंत म्हणता येते. त्यानंतरच्या चार वर्षांत तिची किंमत मोजावी लागली. ओळख ‘घडविली जाते’ हे सूत्र युद्धकाळाला लावताना ती कोणाच्या हातून घडते, हा प्रश्न टाळता येत नाही.

या दृष्टीने हान्स वेर्नर यांचा ‘इमॅजिन्ड होम्स’ (२००७) हा ग्रंथ अधिक समाधानकारक वाटतो. सोव्हिएत भूमीतून आलेल्या जर्मनांच्या विनिपेग आणि जर्मनीतील बीलेफेल्ड या दोन शहरांतील अनुभवांची त्यांनी तुलना केली आहे. ज्या लोकांना सोव्हिएत संघात ‘जर्मन’ म्हणून वेगळे काढले गेले, त्यांना जर्मनीत ‘रशियन’ समजले जाई. स्थलांतरिताची मनोभूमिका आणि स्वीकारणाऱ्या समाजाने त्याला दिलेले नाव यांचा एकत्र विचार येथे झाला आहे.

लादलेले नाव कालांतराने अलंकारही होऊ शकते. किचनर-वॉटरलू येथे १९६९ पासून ऑक्टोबरफेस्ट साजरा होतो. हा उत्सव मूळचा बव्हेरियाचा. या परिसरातील आद्य मेनोनाइट वसाहतकारांचा त्याच्याशी संबंध नव्हता. कॅनडाने बहुसांस्कृतिक धोरण १९७१ मध्ये जाहीर केले. जे जर्मनपण १९१६ मध्ये लपवावे लागले, ते आता मिरविण्यास योग्य झाले.

समारोप

२०१६ च्या जनगणनेत सुमारे ३३ लाख २२ हजार कॅनडियनांनी जर्मन मूळ सांगितले. २०२१ मध्ये ही संख्या सुमारे २९ लाख ५६ हजार झाली. या वेळी वंशमुळांची उदाहरणे प्रश्नपत्रिकेवर छापलेली नव्हती. प्रश्नाची मांडणी बदलताच समूहाचा आकार बदलतो, हा शंभर वर्षांपूर्वीचा धडा येथे पुन्हा मिळतो. फरक इतकाच, की आज चुकीच्या उत्तराने कोणाचा मताधिकार जात नाही.

‘जर्मन’ हा समूह आधीपासून अस्तित्वात होता, असे मानणारे जुने संशोधन आणि तो केवळ कल्पिलेला होता, असे सुचविणारे नवे संशोधन यांपैकी कोणतेही एकटे पुरेसे नाही. संज्ञा कल्पित असली, तरी तिच्यामुळे गेलेला मताधिकार कल्पित नव्हता. म्हणून अमुक व्यक्ती जर्मन होती काय, यापेक्षा तिला जर्मन कोणी, केव्हा व कशासाठी म्हटले आणि त्यावर तिने काय उत्तर दिले अथवा मौन पाळले, हा प्रश्न संशोधकाने प्रथम विचारणे आवश्यक ठरते.